मधलं वाक्य

वाक्य गाळलं गेलं तेव्हा सगुणाबाई पुढचं बोलायला लागल्याही होत्या. नीरजाला आधी काही कळलं नाही. मग बरगड्यांच्या खाली एक बारीक झटका बसला, जिना संपला समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी तसा. पडवीत घोंगडी अंथरलेली होती. तिच्यावर अमेरिकेहून आलेली मार्लिन दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसली होती आणि सगुणाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. खाली उतारावर नाचणीचं एक चिंचोळं वावर, त्याच्या खाली धरणाचं पाणी, आणि त्या पाण्यात सगुणाबाईंचं गाव. त्या म्हणाल्या होत्या, "पानी खाली गेलं. खालच्या बागायतवाल्यांनी खाती फोडली, बायकापोरांच्या नावानं तुकडं पाडलं, आन् आमाला जिमीन द्यायची येळ आली तवा म्हनले, आमच्याकडं जादा हायेच कुठं. मंग आमाला सारोळ्याच्या माळावं मुरूम दिला." आणि नीरजानं इंग्रजीत सांगितलं होतं, पाणी खाली गेलं, आणि यांना जी जमीन मिळाली ती मुरमाची होती. सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता. मधलं वाक्य तेवढं नव्हतं.

सारांश केला, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. भोरच्या शाळेत तिची सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली होती आणि सारांशलेखन हा तिचा हातखंडा. उताऱ्याचा एक तृतीयांश करायचा, अर्थ सांडू द्यायचा नाही. मुलांच्या वह्यांतली वाक्यं ती लाल शाईनं आडवी मारायची आणि समासात लिहायची, 'यावाचून अडत नाही.' पण आज सकाळपासून तिनं कशाचाच सारांश केला नव्हता. सगुणाबाईंची म्हैस बुडीत गावातून वर येताना वाटेतच व्याली, हे तिनं सांगितलं होतं. "ही तर आपल्यावानीच सावळी हाय की, मला वाटलं गोरीपान मड्डम यील," हे हसत हसत सांगितलं होतं आणि मार्लिनही हसली होती. शेव तिखट लागेल का, याचंही भाषांतर झालं होतं. बसायच्या आधी सगुणाबाईंनी अटच घातली होती. "बाई, मी बोलंन. पर समदं पोचलं पायजे. मागं सायेब आलं हुतं, त्येंनी निम्मंच लिवलं." नीरजा म्हणाली होती, "शब्दाला शब्द सांगेन." हे वाक्य तिचं स्वतःचंही नव्हतं. ते शुभ्राचं होतं.

शुभ्रा तिची जुनी विद्यार्थिनी. पुण्यात धरणग्रस्तांचं काम करणाऱ्या एका संस्थेत होती. तिचा फोन आला तेव्हा नीरजा गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. अमेरिकेतून एक बाई येतायत, शुभ्रा म्हणाली, तिकडच्या मूळ रहिवाशांतल्या, सू जमातीच्या, त्यांचंही गाव धरणात गेलंय. त्यांना अहवाल नको आहेत. जिचं गाव पाण्याखाली गेलं अशा एका बाईशी बोलायचंय, आणि जे ऐकतील तेच उद्या परिषदेत, सचिवांच्या समोर, त्या उभं राहून सांगणार आहेत. आपलं कोणी बोललं तर साहेब मोबाईल बघत बसतात, यांचं ऐकतील. "बाई, तुमच्याइतकं शब्दाला शब्द कोण सांगणार?" नीरजाला बरं वाटलं होतं. निवृत्तीनंतर असं काही कोणी मागितलं नव्हतं. तिचा नवरा श्रीपाद जेवताना म्हणाला, "वेल्ह्याला कशाला जातेस त्या भानगडीत?" आणि लगेच ताकाचा पेला पुढे करून दुसऱ्या विषयावर गेला. भोरच्या कोर्टात वकिली केलेला माणूस. कुठं थांबायचं ते त्याला कळतं.

तिनं पंधरा दिवस वाचन केलं. त्याआधी सू म्हणजे तिला काय माहीत होतं, तर शाळेच्या स्नेहसंमेलनातला 'रेड इंडियन नाच'. सहावीत होती ती. डोक्याला कोंबडीची पिसं, गालावर कुंकवाचे पट्टे, तोंडावर तळहात आपटत मोठ्यानं ओरडायचं आणि शेवटी टोपीवाल्या गोऱ्यानं बंदूक उडवली की सगळ्यांनी एकदम मरून पडायचं. तिचं मरणं सगळ्यात झकास झालं होतं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, स्टीलचं फुलपात्र. आता तिनं वाचलं की मिसूरी नदीच्या पश्चिमेचा केवढा तरी मुलूख अमेरिकी सरकारनं अठराशे अडुसष्टच्या करारात या लोकांचा म्हणून लिहून दिला होता, आणि यातली जमीन पुढे घ्यायची तर तीन चतुर्थांश पुरुषांची संमती लागेल असं त्यातच कलम होतं. मग त्या मुलखातल्या काळ्या डोंगरांत सोनं सापडलं. सैन्याशी लढाई झाली, ती सू जिंकले, आणि जिंकल्यावर त्यांचं रेशन तोडलं गेलं. डोंगर लिहून द्या, नाहीतर उपाशी राहा. जेमतेम दहावा हिस्सा लोकांनी कागदावर संमतीच्या खुणा केल्या. तरी कायदा झाला. शंभर वर्षांनी कोर्टानं मान्य केलं की ती जमीन लुबाडली गेली, भरपाई ठरवली, आणि ती भरपाई या लोकांनी आजतागायत उचललेली नाही. आम्हाला डोंगर पाहिजेत, म्हणतात. नीरजानं हे वाचताना चष्मा काढून ठेवला होता. डोळे भरून आले होते, आणि भरून आले याचं तिला थोडं समाधानही वाटलं होतं. ते समाधान आता आठवलं आणि तिनं पदर उगाच सारखा केला.

नसरापूरच्या फाट्यावर ती एसटीतून उतरली तेव्हा गाडी उभीच होती. मार्लिन बाहेर येऊन हात पुढे करून उभी राहिली. पांढरे बारीक कापलेले केस, गुडघ्याला पट्टा, पायात खेळाचे बूट, निवृत्त नर्स. आणि नीरजाच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर निराशा. वेणी नव्हती. ती निराशा पुसून टाकायला नीरजा गाडीत खूप बोलली. वाचलेलं सगळं बोलली. मार्लिन शांतपणे ऐकत होती. 'सू' हे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं, आम्ही लाकोटा, एवढंच तिनं मध्ये सांगितलं. मार्गासनीच्या पुढं डोंगर जवळ आले तेव्हा ती म्हणाली, करार वाचून दाखवायला दुभाषी असायचे. काहींच्या बायका आमच्यातल्याच होत्या, जेवायला आमच्याकडे यायचे. त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांना सगळं सांगितलं की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. नीरजा म्हणाली, "किती भयंकर." आणि पर्समधून आलेपाकाच्या वड्या काढून तिला दिल्या.

सगुणाबाईंचं बोलणं आता स्मशानावर आलं होतं. देव हलवला, वाजतगाजत वर आणला, पण मसणवटा तिथंच राहिला. उन्हाळ्यात पाणी हटलं की चिखलात जाऊन त्या नवऱ्याच्या जागेवर हळदकुंकू टाकून येतात. "जागा म्हंजे अंदाजानंच. गाळ लई. कधी त्येंच्यावं पडतं, कधी शेजारच्या गेनबावं. गेनबा बी खूश." मंगल, त्यांची सून, दारातून म्हणाली, "आत्या, त्या बाईंना काय बी सांगू नका." "का? गेनबा भला मानूस हुता." नीरजानं हे अक्षरशः सांगितलं. मार्लिन हसता हसता थांबली आणि म्हणाली, आमच्याकडे थडगी हलवली, पण सगळी सापडली नाहीत. आजोबांच्या शवपेटीत कोण आहे हे आजी कधी सांगू शकली नाही. नीरजानं हेही मराठीत आणलं, आणि सगुणाबाईंनी पुढे सरकून मार्लिनच्या गुडघ्यावरच्या पट्ट्यावर हात ठेवला. त्या दोघींच्या मध्ये नीरजाचा आवाज इकडून तिकडे जात होता, स्वच्छ, चांगल्या उच्चारांचा. काही गाळलेलं आहे असं तो आवाज ऐकून कोणी म्हटलं नसतं.

नियम सरळ होता. धरणाचं पाणी ज्यांच्या शेताला मिळणार, त्यांनी ठरलेल्या मर्यादेवरची जमीन, ज्यांची बुडाली त्यांच्यासाठी सोडायची. श्रीपादच्या घरची जमीन सारोळ्याच्या खालच्या अंगाला, नीरेच्या काठी. नीरजा तेव्हा दहावीचे पेपर तपासत होती. श्रीपादनं पेपरांच्या गठ्ठ्यावरच कागद ठेवले. "इथं, इथं आणि इथं." तिनं लाल पेन खाली ठेवलं, निळं घेतलं. "कशाला?" "खातेफोड करतोय. मग मर्यादेवर काही उरत नाही. कायद्यात बसतं." अधिसूचना निघायच्या आत भागातल्या सगळ्यांनी केली. वाऱ्या-पावसाविषयी बोलावं तसे सगळे खातेफोडीविषयी बोलत. दोन एकर नीरजाच्या नावावर झाले, दोन सासूबाईंच्या, काही दिरांच्या मुलांच्या, आणि दीड एकर मुलाच्या, अद्वयच्या. अद्वय चौथीत होता. सणावाराला जमलं की कोणी तरी विचारायचंच, "काय शेतकरी, यंदा काय लावताय?" आणि तो म्हणायचा, "चॉकलेट." सगळे पोट धरून हसायचे. तीही हसायची. त्या दोन एकरांत ती एकदाच गेली होती, हुरड्याला. ऊस उभा होता, पाटातून पाणी चाललं होतं, तिनं चपला हातात घेऊन पाटात पाय बुडवले होते आणि पाणी इतकं गार होतं की ती लहान मुलीसारखी ओरडली होती. कुठून आलं ते पाणी, असं तिच्या मनात आलं नव्हतं. नाही, आलं होतं. वेल्ह्याकडचं, असं कोणी तरी म्हणालं होतं, आणि तिनं मान डोलावली होती.

मार्लिननं घड्याळाकडे न बघता विचारलं, त्यांना थकवा आला आहे का. नाही म्हणाल्या. मग मार्लिन नीट बसली आणि म्हणाली, "आता मी ऐकलेलं त्यांना परत सांगते. माझी आजी असं करायची. कोणी आपल्याला काही सांगितलं, तर ते उचलून नेण्याआधी त्याच्यासमोर म्हणून दाखवायचं. चुकलं असेल तर त्यांनी दुरुस्त करायचं. मगच ते माझ्याकडे येतं."  नीरजानं हे सगुणाबाईंना सांगितलं. सगुणाबाईंना ते फार आवडलं. "हां, ह्ये बेस. म्हन म्हनावं."

मार्लिन सावकाश म्हणू लागली. तिनं काही सोडलं नाही. म्हैस आली, देव आला, गेनबा आला. एकेका वाक्याला ती थांबे, नीरजा ते मराठीत सांगे, सगुणाबाई मान हलवत. पाण्याचं वाक्य जवळ येत होतं. परीक्षेत आपण न वाचलेला प्रश्न पुढच्या पानावर आहे हे माहीत असताना पान उलटावं तसं नीरजाला होत होतं, पण परीक्षेत निदान नुकसान आपलं असतं. मार्लिन म्हणाली, "पाणी खाली गेलं, आणि तुम्हाला जी जमीन मिळाली ती मुरमाची होती." आणि थांबली. नीरजानं तोंड उघडलं. नेमकं एवढंच सांगितलं तर सगुणाबाई म्हणणार, मधलं ऱ्हायलं की. विचार करायला वेळ नव्हता, किंवा होता, आणि तिनं तो याच्यासाठीच वापरला. "पाणी खाली गेलं," ती म्हणाली, "खालच्या बागायतदारांनी खाती फोडली, बायकामुलांच्या नावानं तुकडे पाडले, तुम्हाला द्यायची वेळ आली तेव्हा जादा जमीन नाही म्हणाले, आणि मग तुम्हाला सारोळ्याच्या माळावर मुरूम मिळाला." मार्लिनच्या एका वाक्याचं एवढं लांब मराठी झालं. मार्लिनला त्यात काही वावगं दिसलं नाही, भाषा लांबतात. सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. "बराबर," त्या म्हणाल्या. "हिला समदं उमगलं. जसंच्या तसं."

यापेक्षा पकडली गेले असते तर बरं, असं नीरजाला वाटलं. पहिल्या वेळी तिनं फक्त गाळलं होतं. आता दोन बायका तिच्यामुळे एकमेकींकडे विश्वासानं बघत होत्या. उद्या पुण्यात मार्लिन उभी राहून मुरूम सांगेल, आणि मुरूम देणारा कोणी असणार नाही; मुरूम आपोआप मिळेल, ऊन पडावं तसा. आणि इथं सगुणाबाई पडवीत बसून समजतील की सगळं पोचलं.

मंगल चहा घेऊन आली. सगुणाबाई खुशीत होत्या. "बाई, तुमी कुठल्या म्हनायच्या?" "भोरच्या." "शेतीबिती?" "आहे थोडी." "कुठं?" "मंगल, मला साखर कमी," नीरजा म्हणाली. मंगल म्हणाली, "मॅडम, आता घातली." "असू दे." बशीतला चहा तिनं जीभ पोळली तरी घाईनं प्यायला. सगुणाबाईंचं लक्ष मार्लिनकडे गेलं होतं. त्या म्हणाल्या, "हिला इचारा, तिकडं पन खाती फोडली का?"

हा प्रश्न होता. वाक्य गाळता येतं, प्रश्न गाळला तर विचारणारा उत्तराची वाट बघत बसतो. नीरजानं तो विचारला. तिकडेही जमिनीची अशी फोड झाली का? मार्लिननं कप खाली ठेवला. झाली, ती म्हणाली. एकोणनव्वद साली, अठराशे. सगळ्या जमातीची म्हणून जी जमीन होती तिचे माणशी तुकडे पाडायचे ठरवलं, उरली ती जादा म्हणून बाहेरच्यांना खुली केली. त्याला संमती पाहिजे होती म्हणून ठिकठिकाणी फिरून खुणा गोळा केल्या, पुरेशा होईपर्यंत. माझ्या पणजोबांची खूण त्यात आहे की नाही यावर आमच्या घरात अजून भांडण होतं. नीरजा सांगत होती आणि तिच्या डोक्यात आपोआप जुळणी चालली होती: तिथं जादा निघावी म्हणून फोडली, इथं जादा निघू नये म्हणून. उलटं होतं. हत्यार तेच होतं. मग मार्लिन अडखळली. "थांब. त्या 'तिकडे पण' म्हणाल्या. म्हणजे इथे झाली? इथे कोणी फोडली?"

"काय म्हंती?" सगुणाबाईंनी विचारलं.

नीरजा म्हणाली, "त्या विचारतायत, इथं खाती कोणी फोडली."

सगुणाबाईंचा हात बशीवर होता तिथंच राहिला. "आत्ता तर तिनंच म्हनून दावलं की."

पाण्यावरून वारा आला आणि पडवीतल्या दोरीवरचं धुणं हललं. मंगल किटली घेऊन आत जात होती, ती उंबऱ्यावर थांबली. नीरजाला काही सुचत नव्हतं, आणि सुचत नाही याचा तिला आधार वाटला. एवढ्या वेळात सुचलेलं सगळं वाईट होतं. "ते त्यांनी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "ते मी घातलं. तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांना मी ते सांगितलंच नव्हतं."

"का बरं?"

"सारोळ्याच्या खाली आमची जमीन आहे. दोन एकर माझ्या नावावर आहे."

तिला वाटलं होतं सगुणाबाई ओरडतील, निदान उठून आत जातील. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, बाजारात वजनकाट्याकडे बघतात तसं. "आसं," त्या म्हणाल्या. मग मार्लिनकडे हात केला. "हिला सांगा आता त्ये. आन् ती काय म्हंती त्ये मला सांगा. तिचंच सांगा."

नीरजानं इंग्रजीत सांगितलं. सगळं; गाळलेलं वाक्य, घातलेलं वाक्य, दोन एकर, अद्वयचे दीड. अद्वयचा विनोद सांगितला नाही, मग तोही सांगितला. आयुष्यभर शिकवलेली ही भाषा, पण आज तिच्यात क्रियापदं सापडत नव्हती. 'जमीन विभागली गेली' असं एकदा झालं, ते तिनं मागे घेतलं आणि 'आम्ही विभागली' असं म्हटलं. मार्लिन मान खाली घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती नीरजाशी बोलली नाही. सगुणाबाईंकडे बघून बोलली, हळू, तोडून तोडून.

"काय?" सगुणाबाई म्हणाल्या.

नीरजा म्हणाली, "त्या म्हणतायत, यापुढं तुमचं बोलणं मीच त्यांना सांगावं असं तुम्हाला वाटतं का. नको असेल तर दुसरं कोणी येईपर्यंत त्या खाली गाडीत बसून राहतील. रात्र झाली तरी. त्यांना घाई नाही, असं म्हणतायत."

सगुणाबाईंनी दाराकडे पाहिलं. "दुसरं कोन हाय हितं? मंगलला येस आन् नो येतं."

"मला आनखी बी येतं, आत्या," मंगल उंबऱ्यावरून म्हणाली.

"गप." सगुणाबाईंनी उरलेला चहा अंगणात टाकला आणि बशी पालथी घातली. "तिला म्हना, हीच असूं दे. पर ध्यान ठेव म्हनावं हिच्यावं. बोलता बोलता मदीच थांबली, का लगीच इचार म्हनावं, काय गिळलंस म्हनून."

नीरजा मार्लिनकडे वळली. तिनं पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं. 'गिळलंस' याला इंग्रजीत चार-दोन सौम्य शब्द होते, सभ्य माणसं एकमेकांविषयी वापरतात तसले; ते सगळे तिला येत होते. तिनं त्यातला एकही घेतला नाही.